ढोल उतरवला का?

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाकळ झटकली. मार्गशीर्षातली सकाळ होती. अंगणात ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मी जोरात ओढली तशी ती म्हणाली, "बैल धरलाय व्हय? वाकळ हाय ती. फाटंल." मी म्हणालो, "फाटली तर शीव." मग दोघांनी घडी घातली, तिनं घडी काखेला मारली आणि घरात गेली. झालं. त्याच संध्याकाळी तिला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. जाताना माणसं काय काय सांगून जातात म्हणतात. आमच्या हौसानं तसलं काही सांगितलं नाही. वाकळेचं बोलली तेच धड बोलणं.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढं मी रडगाणं लावणार नाही. मला चैत्रात तिच्या माहेरी जाऊन आलो त्याचं सांगायचंय. आमच्या नदीकाठच्या लोकांनी तो मुलूख बघितलेला नसतो. ऊस सोडून कुठं जायला होत नाही कुणाला. मी चार बुकं शिकलेला माणूस, तेव्हा शुद्धलेखनाकडं बघू नका.

आमचं गाव उंब्रजच्या बाजूला. जातीनं आम्ही धनगर. माझा बाप मेंढरं घेऊन दरसाल या भागात यायचा, तो एका साली राहिलाच. आता मेंढरं नाहीत, ऊस आहे. थोरला पोरगा मिल्ट्रीत, धाकटा साताऱ्याला कारखान्यात. घरात मी आणि थोरली सून शालन. हौसाचं माहेर मात्र अजून तिकडंच, पार आटपाडीच्या पुढं, माळावर. वस्तीला खालची वस्ती म्हणतात. वरची वस्ती कुठं आहे ते मला लग्न झाल्यापासून कुणी दाखवलं नाही.

तिच्या बापाचा एक ढोल होता. एकाच बुंध्यातून कोरलेला, कंबरेएवढा. बाप मरताना म्हणाला, ढोल हौसाच्या घरी जाऊ द्या, जावई वाजवतो, माझ्या पोराला नुसतं नाचायचं वेड. तेव्हापासून ढोल आमच्याकडं. दर चैत्रात बिरोबाच्या यात्रेला आम्ही दोघं तो घेऊन जायचो. मी वाजवायचो आणि मेव्हणा बिरू त्याच्या गड्यांना घेऊन गजी नाचायचा. रुमाल उडवत, गोल धरून, ढोल मध्ये.

यंदा बिरूचं कार्ड आलं. "दाजी, बाई गेली. आता ढोल इकडंच राहिलेला बरा. आमच्यात वाजवणारा तयार झालाय. तुमाला या वयात दगदग नको. यात्रेला या आन ढोल ठिवून जावा."

वाचून राग आला नाही. खरंच होतं. घरात आता त्या ढोलाची गोडी कुणाला? पोरं आली की कानावर हात ठेवतात. सून बोलत नाही, पण मी काठी उचलली की तिला शेरडांना पाला आणायची आठवण होते. मी ठरवलं, यंदा शेवटचा वाजवायचा, तिच्या माणसांच्या हवाली करायचा आणि मोकळं व्हायचं.

उंब्रज ते विटा

देऊन टाकायचा तर टणटणीत करून द्यावा म्हणून मी निघायच्या आधी दोन दिवस ढोलामागं लागलो. आमच्याकडं नदीकाठची ओल. ढोल कायम ढिला. वाजवून ठेवला की दुसऱ्या दिवशी बघावं तर दोऱ्या सैल, आवाज भिजलेल्या पोत्यासारखा. मी ओलीला शिव्या द्यायचो आणि पुन्हा चढवायचो. चढवणं म्हणजे दोऱ्यांतल्या कड्या सरकवून कातडं ताणायचं. उभ्या जन्मात मी तेवढाच उद्योग केला. यंदा उन्हात तापवून असा चढवला, असा चढवला की नखानं टिचकी मारली तरी खणकन बोलला. गंमत म्हणजे या खेपेला रात्रीतनं ढिला पडला नाही. मी म्हटलं, वा, हवा कोरडी झाली.

उंब्रजला यष्टीचा कंडक्टर म्हणाला, "म्हातारबा, ह्यो उभा ऱ्हाणार का बसणार?"

"टपावर बसंल. वारा खाईल."

"खाऊ द्या. पर वरनं ओरडला तर गाडी थांबायची न्हाई."

माणूस गमत्या होता. त्यानं स्वतः वर चढून ढोल बांधला.

कराडपर्यंत दोन्हीकडं ऊस. कराड सोडलं की ऊस हळूहळू मागं राहतो. आधी हिरवं तुटक होतं, मग पिवळं, मग नुसती माती. विट्याला गाडी बदलायची. तिथं अर्धा-पाऊण तास बसायला लागतं. दरवर्षी मी ढोल खाली घेऊन हौसाजवळ ठेवायचो आणि चहाला जायचो. तिला म्हणायचो, चल की. ती म्हणायची, "तुमी जावा. सामान कोण बघंल?" मी तिच्यासाठी भजी बांधून आणायचो. परतेपर्यंत तिच्या कपाळाला घाम असायचा. मी म्हणायचो, बसून घाम येतो व्हय तुला? ती हसायची.

यंदा सामान बघायला कोण नव्हतं. मी ढोलावर हात ठेवूनच चहा प्यायलो. टपरीवाला म्हणाला, "कुणी पळवत न्हाई आजोबा, लय जड हाय." भजी घेतली आणि मीच खाल्ली. चांगली होती. चांगल्याला चांगलं म्हणायला लागतं.

खालची वस्ती

विट्याच्या पुढचा मुलूख काय सांगावा. झाड असं नाहीच, असलं तर बाभळ किंवा लिंब, तेही एकमेकाला न दिसतील इतके लांब. बहात्तरच्या दुष्काळात इथली माणसं खडी फोडून जगली. ती खडी अजून रस्त्याच्या कडेला ढिगानं आहे. पण नजर जाईल तितकी जाते. आमच्याकडं उसापलीकडं काय आहे ते कळत नाही, इथं दोन कोसांवरचं मेंढरू मोजता येतं. आणि हवा इतकी कोरडी की ओठाला ओठ लावला तर चिकटतो. मला ते बरं वाटतं. हाडं दुखत नाहीत.

गाडी फाट्यावर थांबली. बिरूची बायको सगुणा घ्यायला आली होती. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण तोंडानं पन्नास वर्षांनी मोठी. मला बघून डोळ्याला पदर लावला, लगेच काढला आणि दरवर्षी विचारायची तेच विचारलं.

"ढोल उतरवला का?"

मी म्हणालो, "उतरवला की. ह्यो काय."

कंडक्टरनं नुकताच टपावरनं खाली दिला होता. माझ्या पायाशीच होता. सगुणा "बरं" म्हणाली आणि माझी पिशवी घेऊन चालायला लागली. दरवर्षी हा प्रश्न ती हौसाला करायची. हौसा म्हणायची, "विट्यातच उतरवला." मला वाटायचं, बाई गाडी बदलल्याचं सांगतेय. बायकांचं बोलणं, मी कधी लक्ष दिलं नाही.

घरी गेल्या गेल्या माझ्या हातनं पहिली चूक झाली. धूळ लय बसली होती म्हणून मी न्हाणीत जाऊन बादलीभर पाण्यानं अंघोळ केली. बाहेर आलो तर सगुणा कंबरेवर हात ठेवून उभी.

"दाजी, बादली रिकामी?"

"न्हालो की."

"सगळी? आवं, ती दोन दिसाची हुती! नदी पिशवीत घालून आणलीसा काय उंब्रजची?"

बिरू दारात बसून हसत होता. मी म्हणालो, मी भरून आणतो. विहीर अर्ध्या कोसावर. दोन खेपा केल्या तेव्हा कळलं की इथली माणसं तांब्याभर पाण्यात आंघोळ का करतात, आणि तरी आमच्यापेक्षा स्वच्छ का दिसतात.

मग जेवायला बसलो. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, फोडलेला कांदा, तीळ घालून केलेली चटणी. आमच्याकडं बाजरी थंडीत एखाद-दुसऱ्या वेळेला, इथं बारा महिने. माडगं पिऊन अंगात ताकद येते हे खरं. मी तिसरी भाकरी मोडत होतो. ढोल अंगणात, दुपारचं ऊन त्याच्या तोंडावर.

तेवढ्यात आवाज झाला. बंदुकीसारखा. फाडकन.

मेंढ्या उधळल्या. कुत्रं भिंतीला चिकटलं. आम्ही तिघं बाहेर धावलो. ढोलाचं काठीकडचं तोंड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फाटलं होतं. कातडं आत मुडपून पडलं होतं.

सगुणानं दोऱ्या चाचपल्या. मग माझ्याकडं बघितलं.

"दाजी, तुमी तर म्हणालासा उतरवला."

"उतरवला न्हवं! टपावरनं तुझ्यासमोर उतरवला."

"टपावरनं?" ती खालीच बसली. "आवं, टपावरनं कोण इचारतंय? दोऱ्या उतरवल्या का म्हणून इचारलं मी. सैल केल्या का म्हणून. हितल्या उन्हात चढवलेला ढोल ऱ्हातो व्हय? वन्सं दर वर्साला विट्याच्या स्टँडवर उतरवायच्या. कड्या मागं सारून सारून बोटं लाल व्हायची त्यांची. तुमाला ठाव न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं.

अठ्ठावीस वर्षं मी चहा पीत होतो आणि ती कड्या सरकवत होती. कपाळाचा घाम त्याचा होता. आणि घरी, रात्रीतनं ढोल ढिला पडायचा तो काही ओलीनं नाही. वाजवून झाला की तीच उतरवून ठेवायची, कातड्याला आराम म्हणून. मी सकाळी उठून ओलीला शिव्या द्यायचो. ती चुलीपुढं बसून ऐकायची. एकदासुद्धा म्हणाली नाही की अहो, ती मीच. का म्हणाली नाही हे आता कुणाला विचारायचं? मला वाटतं, तिला मजा वाटत असणार.

बिरू म्हणाला, "दाजी, वाईट वाटून घिऊ नका. पर तुमच्यापाशी ढोल टिकायचा न्हाई. बरं झालं ठेवायलाच आणलासा."

मी तो ठेवायलाच आणला होता. पण हे ऐकलं आणि डोकं सणकलं. देऊन टाकणं वेगळं आणि तुझी लायकी नाही म्हणून काढून घेणं वेगळं. मी म्हणालो, "ढोल मी न्हेणार."

"आता? फाटल्यावर?"

"फाटला म्हणूनच."

"आन परत फाडला म्हंजे?"

सगुणा म्हणाली, "भांडू नका. नामाआण्णाकडं न्या. मढवंल बी आन निवाडा बी करंल."

नामाआण्णाचं अंगण

नामाआण्णा म्हणजे त्या भागात ढोल मढवणारा म्हातारा. ऐंशीच्या पुढचा. डोळ्यांनी अंधुक दिसतं, बोटांनी सगळं. हौसा लहानपणी त्याच्या अंगणातच खेळलेली. यात्रेला तीन दिवस होते. त्यानं भिजत घातलेलं बकऱ्याचं कातडं काढलं, घासलं, तोंडाच्या गोल कड्यावर ओढून बसवलं आणि सावलीला वाळत ठेवलं. सगळं बोलत बोलत. मग बिरूनं भांडण सांगितलं.

आण्णानं मला विचारलं, "ढोल किती वर्सं वाजवतोस?"

"तीस-पस्तीस."

"ऐकतोस किती वर्सं?"

मी म्हणालो, "वाजवताना ऐकतोच की."

"न्हाई ऐकत. ऐकलं असतंस तर चढून बसलाय हे कळलं असतं. हौसा ऐकायची. तू नुसता बडवायचास." मग बिरूला म्हणाला, "तू बी काय ऐकत न्हाईस. तू नाचतोस. कातडं वाळंस्तवर दाजीला माझ्यापाशी सोड. ऐकायला आलं तर ढोल त्याचा, न्हाई आलं तर तुझा. कबूल?"

बिरू म्हणाला कबूल. मीही म्हणालो. साठी उलटून गेल्यावर परीक्षेला बसायची पाळी.

आण्णानं घरातनं काशाची थाळी आणली, जुनी, जाड, कडेला भोक पाडून दोरी बांधलेली. ती लिंबाच्या फांदीला लोंबती सोडली. माझ्या हातात लाकडाचा तुकडा दिला.

"येकदा मार. हळू. आवाज संपला की बोट वर कर."

मारली. टण्ण झालं. मी बोट वर केलं.

"न्हाई. अजून हाय."

पुन्हा मारली. जरा थांबून बोट वर केलं.

"न्हाई."

असं किती वेळा झालं कोण जाणे. माझा उजवा कान कमी आहे. मी तसं म्हणालो, तर आण्णा म्हणाला, "मग डावा कर फुडं." मध्येच बकरं ओरडलं. मी वैतागून म्हणालो, "ह्या बकऱ्यात काय ऐकू येणार?"

"बकरं ऐकू आलं? चांगलं झालं. आता बकऱ्याच्या मागं थाळी हाय का बघ."

आणि गड्या, होती. बकऱ्याच्या मागं, कुठं तरी बारीक, लांब गेलेल्या गाडीसारखी थाळी होती. मी बोट खाली ठेवलं. ती बारीक होत गेली, लाटेसारखी जरा वर आली, पुन्हा खाली गेली. मग आहे का नाही अशी झाली. मी श्वास धरला होता ते नंतर कळलं. बोट वर केलं. आण्णानंही त्याच वेळेला केलं.

"हां," तो म्हणाला. "आवाज सुरू हुतो ते बैलाला बी कळतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला बिरोबाच्या देवळात नेलं. घंटेखाली बसवलं. येणारा माणूस घंटा मारून आत जायचा आणि पहिली विरायच्या आत दुसरा मारायचा. मी सकाळभर बसलो. शंभर माणसं आली असतील, एकही आपण मारलेली घंटा ऐकायला थांबला नाही. मारायची आणि देवापुढं हात जोडायचे. मीही जन्मभर तेच केलं. दुपारी कुणी नव्हतं तेव्हा मी एकदा मारली आणि देवाकडं पाठ करून शेवटपर्यंत ऐकली. देवाला राग आला नसावा. त्या रात्री पोटभर झोप लागली. मार्गशीर्षानंतर पहिल्यांदा.

दुपारच्या जेवणाला आण्णाकडंच होतो. ज्वारीच्या कण्या आणि ताक. ताक पातळ होतं. तिकडं ताक पातळच करतात, लोक जास्त आणि गाय एक. जेवताना मी आण्णाला विचारलं, "हौसानं मला कधी सांगितलं का न्हाई?"

आण्णा कण्या चावत म्हणाला, "तू कधी इचारलंस?"

"मला काय ठाव, इचारायचं असतं म्हणून."

"मग तिला काय ठाव, सांगायचं असतं म्हणून," आण्णा म्हणाला आणि ताक मागितलं.

तिसऱ्या दिवशी कातडं वाळलं. आण्णानं दोऱ्या ओवल्या आणि चढवायचं काम माझ्याकडं दिलं. एक कडी सरकवायची, एक टोला मारायचा, संपेपर्यंत ऐकायचं, मग दुसरी कडी. पस्तीस वर्षं मी जे काम विडी ओढेपर्यंत उरकायचो त्याला सकाळची दुपार झाली. एका कडीला मी थांबलो. आवाज भरून आला होता, कडेला खरखर नव्हती. अजून ताणली असती तर नुसता मोठा झाला असता.

"बास?" आण्णानं विचारलं.

"बास."

त्यानं तळवा कातड्यावर ठेवला, मला एक टोला मारायला लावला आणि बिरूला हाक मारली. "बिरू, ढोल दाजीचा."

बिरूचं तोंड पडलं. त्याला खरंच पाहिजे होता. तो काही वाईट माणूस नाही. त्याच्या बापाचा ढोल.

यात्रा

यात्रेचं सगळं सांगत नाही. भंडारा उधळून माळ पिवळा होतो, मटणाचा वास दोन कोस जातो आणि प्रत्येक पालावर तुम्हाला जेवायला बसवतात. नाही म्हटलं तर भांडतात. आमच्याकडं यात्रेला पाहुणा आला की विचारतात जेवलास का. इथं विचारत नाहीत, ताट पुढं ठेवतात.

दुपार कलल्यावर गजी उभी राहिली. बिरू पुढं, मागं पंधरा-वीस गडी, हातात रुमाल. मी मध्ये. सुरुवात केली ती जुन्या सवयीनं नाही. एक टोला मारला आणि त्याला जाऊ दिलं. मग दुसरा. गड्यांचे पाय अडखळले.

बिरू जवळनं जाताना म्हणाला, "दाजी, डुलकी लागली काय?"

"नाच तू."

"कशावर नाचू? मधी मोकळंच हाय."

"मोकळ्यावरच नाच."

त्यानं शिवी दिली. दुसऱ्या फेरीला पुन्हा शिवी दिली. तिसऱ्या फेरीला त्याचा पाय टोल्यावर न पडता टोल्याच्या मागं, आवाज जिथं विरत होता तिथं पडला. त्याच्या मागच्यानं बघितलं, त्याच्या मागच्यानं बघितलं, आणि गोल फिरला तो एका माणसाचा असल्यासारखा. माळावर इतकी माणसं होती, पण बोलणं कमी कमी होत गेलं. सगुणा बायकांत उभी होती. ती रडत होती का हसत होती ते सांगता येणार नाही, मला दोन्ही सारखंच दिसतं. मी किती वेळ वाजवलं ठाऊक नाही. हात दुखले नाहीत.

संपल्यावर बिरू घामानं निथळत आला आणि ढोलाशेजारी बसला. म्हणाला, "माझा बाप असा वाजवायचा. मी ईसरलो हुतो." मग रुमालानं तोंड पुसून म्हणाला, "न्या दाजी. पर फुडल्या वर्साला आणायचा. तुमी मेलासा तरी आणायचा."

"मेल्यावर कसा आणू?"

"ते तुमचं तुमी बघा."

सगुणा म्हणाली, "आन फाट्यावर मी इचारणार हाय."

"इचार. आता मराठी कळती मला."

आण्णाचा निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यानं एकच सांगितलं. नवं कातडं आहे, नदीकाठच्या ओलीत पहिला पावसाळा अवघड. माळ्यावर टाकू नको. चुलीजवळच्या भिंतीला ठेव, ऊब लागली पाहिजे, धग नाही. मी म्हणालो, ती सोपी गोष्ट नाही, चूल सुनेची आहे.

परतीच्या वाटेत सांगण्यासारखं काही नाही. विट्याला चहा प्यायलो नाही, एवढंच. बाकी ऊस दिसायला लागला तशी हवा जड झाली आणि गुडघा बोलायला लागला. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. शालननं ढोल बघितला आणि मला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकऱ्या थापत होती तेव्हा मी ढोल घेऊन चुलीपाशी गेलो.

"मामंजी, ठिवून येणार हुता न्हवं ह्यो?"

"परत आणला. इथं भिंतीला ठेवायचाय. ऊब लागते त्याला. चालंल का?"

तिनं भिंतीकडं बघितलं, पिठाचा डबा उचलून पलीकडं सरकवला. "ठेवा की."

ठेवला. मग मी म्हणालो, "पोरी, जरा मागल्या तोंडावर हात ठेव."

"पिठाचा हाय."

"असू दे."

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि परक्याच्या गाईवर ठेवावा तसा भीत भीत हात ठेवला. मी पुढनं एक टोला मारला, हलका. डावा कान पुढं करून ऐकलं. जिथपर्यंत मला जाता येत होतं तिथपर्यंत गेलो. मग काठी खाली ठेवली.

"संपला," मी म्हणालो.

"न्हाई मामंजी," ती म्हणाली. हात तसाच होता, डोळे मिटलेले. "अजून हाय. हाताला लागतंय."

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "परत मारा की."

मी परत मारला. मग परत. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा दोघांनाही आला, पण कुणी हात काढला नाही. ती करपलेली भाकरी आम्ही अर्धी अर्धी खाल्ली.